अळणी

गुरुवारी सकाळी मी आस्बियोर्गचा आठवडा भरते.
सात कप्पे, प्रत्येकाला चार दारं.
रविवारचं दार कडक आहे,
तिच्या बोटांना दाद देत नाही,
म्हणून ते मी जरा किलकिलं ठेवून जाते.

त्याआधी वजन.
लोकरी मोजे काढून, खिडकीशी, कॉफीच्या आधी.
मासळी तोलण्यात जन्म गेला तिचा,
काट्यावर कसं उभं राहायचं हे मी तिला काय शिकवणार.
कॅलेंडरवर तिचे टोकदार आकडे:
एकसष्ट चार. एकसष्ट पाच. एकसष्ट चार.
आणि आज, पेन्सिल दाबून, त्रेसष्ट.

दोन रात्रींत कुणी दीड किलो सुखावत नाही.
नडगीवर अंगठा दाबला.
खळगा पडला आणि तसाच राहिला,
ओल्या वाळूत टाच राहावी तसा.
कुठंतरी पाणी मुरत होतं.

"मीठ?"
ती हसली. हसताना धाप लागली.
"तेराव्या वर्षापासून फावड्यानं मीठ ओढलंय मी.
चिरलेला कॉड, वर मीठ, वर कॉड, वर मीठ.
मग खडकांवर वाळत घालायचा,
आणि शिट्टी झाली की पावसाच्या आधी धावत गोळा करायचा.
माशातलं पाणी जावं म्हणून मीठ,
आता माझ्यातलं जावं म्हणून मीठ बंद.
तुझ्या डॉक्टरला म्हणावं, एकदा काय ते ठरव."

देह खाल्ल्या मिठाला फार जागतो,
पाणीसुद्धा पाहुण्यासारखं ठेवून घेतो,
आणि हृदय बिचारं एकटंच वाढत बसतं.
असलं काही मी बोलले नाही.
नाडी मोजली.
मेटोप्रोलॉल तिला रोज सांगतं, सावकाश, बाई, सावकाश.

डिगॉक्सिनसाठी विचारावं लागतं:
मळमळतं का? पिवळं दिसतं का?
"जूनमध्ये इथं रात्रीसुद्धा पिवळीच असते," ती म्हणाली.
"आणि ते तुमचं औषध मला लहानपणापासून ठाऊक आहे.
कोल्ह्याची घंटा म्हणतो आम्ही त्या फुलाला.
बोटांत घालून नाचत होते, आईनं थोबाडीत दिली.
आता तेच डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतो."
तेच नव्हे, त्याची चुलत बहीण, मी म्हटलं.
"बहिणी सगळ्या सारख्याच," म्हणाली.

बटणांचा डबा मी उघडायला नको होता.
माझ्या बाहीचं बटण तुटलं होतं, तिनंच म्हटलं, घे एखादं.
शिंपल्यांच्या, पितळी बटणांत
दोन पांढऱ्या गोळ्या,
भोक नसलेल्या.
मंगळवारचं आणि बुधवारचं फ्युरोसेमाइड.

बराच वेळ फ्रीजच बोलत होता.

"मॅग्नहिल्ड पलीकडे आहे, इनलांदला," ती म्हणाली.
"आता कुणाला ओळखत नाही, पण मी विणते ते बघते.
छोट्या बोटीवर सोय नाही.
गोळी घेतली की दोन तास मी संडासाची.
एकदा धक्क्यावर, सगळ्यांसमोर..."
वाक्य तिनं डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

पंचवीस वर्षं मी लोकांना गोळ्या का घ्यायच्या ते सांगते आहे.
बोटीवर सोय आहे का, हे कधी विचारलं नव्हतं.

डॉक्टरना फोन केला.
आज दुप्पट, उद्या पुन्हा वजन,
आणि बोटीच्या दिवशी गोळी परतल्यावर, चार वाजता.
एवढंच होतं.
कॅलेंडरवर मंगळवार-बुधवारच्या घरात तिनं
चार रेघांची एक नाव काढली.

पुढच्या गुरुवारी मी अंगठा दाबला,
खळगा भरून आला, जरा आळसानं.
एकसष्ट सहा. एकसष्ट पाच.
बुधवारी मात्र बासष्ट,
आणि नावेच्या पोटाखाली, चष्मा लावून वाचावं लागेल इतक्या बारीक अक्षरात:
मॅग्नहिल्डच्या ताटातला बाकालाओ. तीन घास.
तिनंच भरवले.